धारेच्या मागे

जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात सुरी घडवणारा लोहार वेगळा आणि तिला धार लावणारा कारागीर वेगळा, अशी जुनी रीत आहे. लोहार मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडतो, ठोकून पातं घडवतो, पाणी पाजतो. मग ते काळपट, जाडसर पातं धारवाल्याकडे जातं. तो ते लाकडी दांड्यात बसवून फिरत्या ओल्या सहाणेवर दाबतो. घासताना पातं वाकतं, म्हणून मधूनच उजेडात धरून बघायचं, हातोडीने हलकेच ठोकून सरळ करायचं आणि पुन्हा सहाणेवर न्यायचं. सुरी कापणार कशी, हे बरंचसं इथे ठरतं.

गिऱ्हाईक मात्र पोलाद कोणतं, गंजेल का, मूठ कशी आहे, एवढंच विचारतं. पाठीकडून धारेपर्यंत पातं कसं निमुळतं होत गेलंय, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर गाजरात नुसती धार शिरत नाही, तिच्यामागून सगळं पातं शिरतं. धारेमागे जाडी जास्त असेल, तर नुकतीच पाजवलेली सुरीही गाजर कापत नाही, फोडते. आणि तिथला धातू फारच झिजवला, तर हाडावर आपटताच टवका उडतो.

साकाईच्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे. कच्च्या माशाचे काप करण्यासाठी तिथे यानागिबा नावाची लांब, अरुंद सुरी बनते. तिला उतार एकाच बाजूला. दुसरी बाजू सपाट दिसते, पण तिच्यावर बोट फिरवलं की मधली उथळ खोलगट जागा जाणवते. त्यामुळे निसण्यावर ती बाजू ठेवली, की फक्त कडा टेकतात आणि पाजवणं सोपं होतं. मासाही पात्याला कमी चिकटतो. उतार एकाच बाजूला असल्याने धारेचा कोन फार लहान ठेवता येतो. आचारी सुरी पुढे-मागे करत नाही. टाचेपासून टोकापर्यंत एकदाच ओढतो, आणि कापाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत राहतो.

याची किंमतही मोजावी लागते. याच सुरीने लाल भोपळा चिरायला घेतला, तर ती सरळ खाली न जाता एका बाजूला सरकत जाते. डावखुऱ्यासाठी उतार उलट्या बाजूला काढावा लागतो, म्हणून अशी सुरी सहसा महाग पडते. माशाचं डोकं तोडायला साकाईचे कारागीर वेगळीच, जाड पाठीची देबा बनवतात. तिलाही उतार एकाच बाजूला, पण धारेमागे धातू भरपूर.

स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुरीचं काम लाकूड तासण्याचं. तिच्या दोन्ही बाजूंना रुंद, सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. हा उतार लाकडावर टेकवला, की किती खोल तासायचं ते हाताला कळतं. पाजवतानाही कोन शोधत बसावं लागत नाही, उतार सपाट टेकवला की झालं.

अमेरिकेत तर दोन नामवंत कारागीर दोन टोकांना होते. बॉब लव्हलेस यांच्या शिकारी सुऱ्यांचं पातं दोन्ही बाजूंनी आत वळलेलं, जुन्या वस्तऱ्यासारखं. अशी धार कातडं सोलताना अलगद सरकते आणि बरेचदा पाजवली तरी पातळच राहते. बिल मोरन यांनी पसंत केली ती बाहेर फुगीर असलेली, कुऱ्हाडीसारखी धार. तिच्यामागे धातूचा भक्कम आधार असतो, त्यामुळे लाकडावर घाव घातले तरी ती सहज दुमडत नाही. ही गोलाई यंत्रावर साधायला हात बसावा लागतो, आणि निसण्यावर ती टिकवणंही घरच्या माणसाला अवघडच.

दुकानात सुरी पारखायची, तर मुठीजवळच्या टाचेकडून पात्याकडे बघावं. छेद तिथे दिसतो. भाजीसाठी हवी असेल, तर पाठीपासून धारेपर्यंत एकसारखी निमुळती होत गेलेली निवडावी. नारळ फोडायचं काम मात्र तिला सांगू नये.