गाणं जसंच्या तसं!

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालं, की करंजीनंतर तिसगाव लागतं. या भागाला मिरी-तिसगाव योजनेतून मुळा धरणाचं पाणी मिळतं. आता समजा, तिसगावातल्या एका घरी हे पाणी टाकीत पडतं आणि त्याच टाकीत बोअरचंही पाणी सोडलेलं आहे. मग न्हाणीघरातल्या तोटीला येतं ते पाणी कुठलं? ना धड धरणाचं, ना धड बोअरचं!

तुम्ही म्हणाल, गाण्याबद्दल सांगायचं सोडून हे पाण्याचं काय काढलं? पण गंमत अशी, की कॉम्प्युटरवर इंटरनेटचं गाणं ऐकताना नेमकं हेच होतं. गाणं निघतं एक आणि कानात पडतं थोडं निराळं.

कसं ते पाहू. आवाज म्हणजे हवेची थरथर. मायक्रोफोन तिची वीज करतो आणि यंत्र ती वीज पुन्हा पुन्हा मोजून आकडे लिहून ठेवतं. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला 44,100 मापं असतात. प्रत्येक माप 16 बिटांचं, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक. इतकी मापं कशाला? आपल्याला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तो पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त मापं लागतात. 'हाय-रिझोल्यूशन' गाण्यात तर 24 बिटांचे आकडे असतात. त्याच्या पायऱ्या किती ठाऊक आहे? 1,67,77,216! आणि सेकंदाला मापं 96,000, कधी 1,92,000 सुद्धा.

हे आकडे तुमच्या घरापर्यंत नीट येऊ शकतात. घोटाळा होतो तो घरात आल्यावर! कॉम्प्युटरच्या आत एक 'मिक्सर' असतो. स्वयंपाकघरातला नव्हे बरं का! गाणं, खेळाचे आवाज, निरोप आल्याची 'टिंग' हे सगळं एकत्र करून तो स्पीकरकडे पाठवतो. हीच आपली टाकी. पण एकत्र करायचं तर सगळ्यांची मापं सारखी हवीत. म्हणून तो अनेकदा सगळंच सेकंदाला 48,000 करून टाकतो. सीडीच्या दर 147 आकड्यांचे मग 160 आकडे होतात. नवे आकडे गणिताने काढलेले. मूळ गाण्यात ते नव्हतेच! 96,000 वाल्या गाण्याची तर निम्मीच मापं उरतात.

मग टाकी टाळायची कशी? करून पाहा.

एक : गाण्याच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'लॉसलेस' दर्जा निवडा. इक्वलायझर आणि सगळी गाणी एकाच पट्टीत वाजवणारी सोय बंद करा.

दोन : विंडोजवर अ‍ॅपमध्ये 'एक्स्क्लूझिव्ह मोड' असेल तर सुरू करा. मग अ‍ॅप मिक्सरला वगळून थेट आवाजाच्या यंत्राशी बोलतं. तेवढा वेळ 'टिंग' ऐकू येणार नाही, चालेल ना? ही सोय सगळ्या अ‍ॅपमध्ये नसते. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडून गाण्याइतकीच मापं अनेकदा हाताने निवडावी लागतात.

तीन : कॉम्प्युटरवर आवाज कमी केला, की प्रत्येक आकडा बदलतो. म्हणून तिथे आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करा. पण आधी ते बटण अगदी खाली आणा हं! नाहीतर कानाला इजा व्हायची. अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर ही पायरी सोडूनच द्या.

चार : वायरचा हेडफोन वापरा. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना गाणं पुन्हा दाबून लहान केलं जातं. आकड्यांची वीज करणारं बाहेरचं यंत्र, म्हणजे 'डॅक' असेल आणि त्यावर आकडा दिसत असेल, तर तो गाण्याच्या मापांशी जुळतो का ते बघा.

आता खरी परीक्षा! ताईला सांगा, 'मला न दाखवता एकच गाणं कधी मिक्सरमधून, कधी थेट लाव.' दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा हवा. नाणं उडवून ती ठरवेल. तुम्ही दहा वेळा ओळखा. पाच-सहा वेळा बरोबर आलं तर तो नुसता अंदाज समजायचा. खूप जणांना फरक कळतच नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. महागडी यंत्रं घ्या म्हणून आईबाबांच्या मागे लागू नका!

मग हा खटाटोप कशासाठी? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. गाणाऱ्या आज्यांपैकी काही जणी आता नाहीत. त्यांचा आवाज आहे तो त्या आकड्यांतच! मूळ आकडे एकदा पुसले गेले, की ते कोणत्याही गणिताने परत येत नाहीत.

तुमच्याही आजीला ओवी येत असेल, नाही का? मग या रविवारी तिच्याजवळ बसा. फोनमध्ये 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' प्रकारात तिचा आवाज भरून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून भरलात, तर तो दाबून लहान होतो. मुंबईच्या काकांना पाठवताना ती फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फाइलला हात लावू नका, तिची एक प्रत कॉम्प्युटरवरही ठेवा. ऐकायला हवी तितकी लहान प्रत नंतर केव्हाही काढता येते. लहान प्रतीतून मूळ आवाज मात्र कधीच काढता येत नाही!