समुद्रापारचे पत्र आणि वऱ्हाडचा कापूस

लोणार म्हटले की सरोवर डोळ्यांसमोर येते. परंतु त्या परिसराचा चरितार्थ काळ्या जमिनीतील कापसावर चाले. खामगाव ही जिल्ह्यातील कापसाची मोठी पेठ. जलंबहून आगगाडीचा फाटा १८७० मध्येच तेथे पोहोचला होता. त्यामुळे गाठी मुंबईस व तेथून जहाजाने परदेशी जात.

देशातल्या देशात हुंडी चाले. ‘सिद्ध श्री’ने आरंभ होणाऱ्या त्या कागदामागे पेढीची पत हेच तारण असे. समुद्रापलीकडे ही ओळख उपयोगाची नव्हती. तेथे आधी तार जाई, तीही शब्दांचा खर्च वाचवण्यासाठी बेंटलेच्या सांकेतिक शब्दांत, आणि मागाहून खुलासेवार पत्र. ग्राहकाची बँक पतपत्र उघडी. बीजक, जहाजाची भरणापावती, विम्याची पॉलिसी हे कागद शर्तीप्रमाणे असले तरच पैसे मिळत. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. नगांच्या आकड्यातील फरकसुद्धा रक्कम अडवू शकतो. जुन्या पेढ्यांना हे प्रथम अपमानास्पद वाटले असल्यास नवल नाही.

१९४७ मध्ये आयात-निर्यात नियंत्रणाचा आणि परकीय चलन नियमनाचा असे दोन कायदे आले. पत्रात ‘परवाना मिळाल्यास’ ही अट घालणे भाग पडले. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच आणावे लागत. फाळणीने सिंध व पश्चिम पंजाबातील लांब धाग्याचा कापूस सीमेपार गेला होता; मुंबईच्या गिरण्यांना तोही आता परदेशी माल झाला.

खरी कसोटी १८ सप्टेंबर १९४९ रोजी लागली. ब्रिटनने पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. पाठोपाठ रुपयाही तितकाच उतरला. पौंडाचे रुपये तेवढेच राहिले, डॉलर मात्र ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास होता, तो ४ रुपये ७६ पैशांवर गेला. (पैशांचा हिशेब आजच्या पद्धतीने, तेव्हा आणे होते.) म्हणजे १,००० डॉलरच्या अमेरिकी यंत्राची मागणी आधीच नोंदवून बसलेल्याला सुमारे १,४५० रुपये जास्त मोजावे लागणार होते. उलट, डॉलरमध्ये माल विकलेला निर्यातदार एका रात्रीत फायद्यात आला. सौदा कोणत्या चलनात, ही पत्रातील एक ओळ, आणि बहुतेकांनी ती सवयीने लिहिलेली. नवा हंगाम तोंडावर होता, दिवाळीस महिनाच उरला होता.

पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नाही. तेथील १०० रुपयांना भारताचे १४४ पडू लागले. भारताने तो दर मानला नाही व दोन्ही देशांतील व्यापार जवळजवळ थांबला. अशा वेळी वऱ्हाडच्या कापसाला गिरण्यांकडून मागणी होती. परंतु सरकारने कमाल किमती ठरवलेल्या असल्याने तिचा सारा लाभ शेतकऱ्याच्या पदरात पडला, असे म्हणवत नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये करार झाला, भारताने तो दर मान्य केला आणि कराचीकडे जाणारी व्यापारी पत्रे पुन्हा सुरू झाली.