धान्य असता उपासमार का होते?

आजच्या काळी पृथ्वीच्या एका टोकाचे धान्य दुसऱ्या टोकास सहज पोहोचते. मग दुष्काळनिधीचे प्रयोजन काय, अशी शंका आमच्या दात्यांस येणे साहजिक आहे. तिचे उत्तर या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

सन १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनेत माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षांत हिंदुस्थानचा गहू जहाजे भरून विलायतेस जातच होता. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला आणि परमुलखाचे धान्य येथे येण्याची सोय झाली. परंतु आगगाडी धान्य आणते तशी नेतेही. धान्य भुकेच्या मागे जात नाही, भावाच्या मागे जाते. हे व्यापारी मंडळींस आम्ही सांगावयास नको.

राष्ट्रांसही हाच न्याय लागू आहे. जपानात, उष्मांकांच्या हिशेबाने, गरजेपैकी सुमारे ३८ टक्केच अन्न पिकते. तरी पदरी पैसा असल्याने तेथे दुष्काळ पडत नाही. सोमालियाचा ९० टक्क्यांहून अधिक गहू रशिया व युक्रेन येथून येत असे. २०२२ साली त्या दोन देशांत युद्ध पेटले. घरी अनावृष्टी आणि पेठेत महागाई, अशा कात्रीत तेथील गरीब सापडला.

आपला शेतकरीही या फेऱ्याबाहेर नाही. ज्वारीच्या रानात कांदा लावणारा कांद्याच्या पैशाने ज्वारी विकत घेतो. डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद राहिली. शहरच्या ग्राहकास स्वस्ताई लाभली, पण कांदा पिकविणाऱ्याच्या घरी ज्वारीचे पैसे कमी आले.

यावर उपाय कोणता? १९७२ च्या दुष्काळात परदेशची मिलो आली खरी. परंतु ती घेण्यास गरिबाच्या हाती पैसा आला तो मजुरीतून. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवावरूनच १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

म्हणून आमची नम्र विनंती अशी : व्यापाऱ्यांनी टंचाईत साठा अडवून धरू नये. बागाइतदारांनी ऊस-कांद्याबरोबर काही रान ज्वारीस व कडब्यास राखावे. दात्यांनी वृद्ध व अपंगांस अन्न द्यावे. धडधाकटांस मात्र बांध-तलावांच्या कामावर मजुरी द्यावी. पाऊस आपल्या हाती नाही, जगाचा भावही नाही. शेजाऱ्याच्या पदरी चार पैसे पडावेत, एवढे मात्र आपल्या हाती आहे.