बांध कुणाचा?

पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याहून कुंडलिकेच्या खाडीकडे कधी गेलात, तर मातीचा लांबच लांब बांध बघा. बांधाच्या अलीकडे भातशेती, पलीकडे खारं पाणी! उधाणाच्या वेळी तर पाणी शेतापेक्षाही वर चढतं.

आता एक कोडं. बांध सगळ्यांचा. समजा, एकानं विचार केला, 'बाकीचे माती टाकतायत की! मी कशाला चिखलात उतरू?' त्याचे कष्ट वाचले, भातही पिकलं. हुशार ठरला ना? पण सगळेच असे हुशार झाले तर? खेकड्याचं बीळ मोठं होतं, उधाणात तिथंच खांड पडते. मग खारं पाणी आळशाच्या शेतात शिरतं, तसंच कष्टाळूच्याही!

चार्ल्स डार्विनलाही हे कोडं पडलं होतं. दुसऱ्यांसाठी झटणारा स्वतः मागे पडतो, मग मदतीचा गुण टिकला कसा? १८७१ साली त्यानं लिहिलं, की एकमेकांना साथ देणारी टोळी इतर टोळ्यांवर मात करते. म्हणजे गटात आळशी जिंकतो, पण आळशांचा गट हरतो!

मग आळशाला आवरायचं कसं? एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीनं स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनमधले पाट, जपानमधली रानं अभ्यासली. १९९० साली तिनं आठ तत्त्वं मांडली. त्यातली काही बघा: वाटेकरी कोण, ते नक्की हवं. लाभ तसा भार. नियम सगळ्यांनी मिळून करायचे. एकमेकांवर लक्ष ठेवायचं. चुकणाऱ्याला आधी समज, मग वाढता दंड. भांडण लगेच मिटवायचं. या कामासाठी २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली महिला!

आपल्या पेणकडे याची झलक आधीपासून होती. शिलोत्री पद्धतीत बाहेरचा मोठा बांध शिलोत्रदार राखायचा, आतले बांध शेतकरी. मोठ्या बांधाच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकजण बिघ्यामागे ठरलेलं भात द्यायचा. ज्याची जमीन जास्त, त्याचं भात जास्त.

पुढे १९४८ आणि १९७९ च्या कायद्यांनी खारबांधांची बरीच जबाबदारी सरकारकडे आली. मोठ्या कामाला सरकारचा पैसा हवाच. पण 'बांध सरकारचा' म्हणून सगळे घरी बसले, तर खेकड्याचं बीळ कोण बघणार?

तुमच्या वर्गातही असा एखादा 'बांध' असेलच. वाचनपेटी, क्रिकेटचं सामान किंवा पाण्याचा माठ! त्याचे नियम कोणी केले? सगळ्यांनी मिळून, की कुणीच नाही?