शहरातल्या कुत्र्याचा धनी कोण?

तेलगावच्या चौकात चार रस्ते मिळतात. एक बीडकडे जातो, एक परळीकडे. एक माजलगावला आणि एक धारूरला. उसाच्या दिवसांत कारखान्याच्या गाड्यांची इथे रीघ लागते. या चौकातल्या चहाच्या टपरीवर आम्ही संध्याकाळी बसतो. नोकरी संपली, पण चार माणसांत बसायची सवय गेली नाही.

एकदा तिथे शेजारच्या वाडीचा एक गडी आला. तो पुण्याला बांधकामावर मजुरी करतो. तो म्हणाला, "गुरुजी, शहराचा कारभार उलटाच बगा. महापालिकेची गाडी येती. जाळी टाकून कुत्री धरती. आठ दिवसांनी तीच कुत्री त्याच गल्लीत आणून सोडती. वर कानाचा तुकडा कापलेला! धरली तर मारून टाकावी की. सोडायचीच तर धरायची कशाला?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले शहरात राहतात. काही जण स्वतःच सहा महिने गाव सोडून जातात. तेव्हा हे नीट समजून घेऊ या.

कुत्री मारून पाहिली नाहीत, असे नाही. मुंबईत कंपनी सरकारच्या काळातही कुत्री मारीत आणि मारणाऱ्याला बक्षीस देत. पारशी लोक कुत्र्याला पवित्र मानतात. त्यांना हे सहन झाले नाही. जून 1832 मध्ये मुंबईत त्यावरून मोठा दंगा झाला. दुकाने बंद पडली. लष्कर बोलवावे लागले. तरी मारणे काही थांबले नाही. पुढे महापालिका आली, तीही 1994 पर्यंत कुत्री मारीत होती. इतकी वर्षे मारून मुंबईतली कुत्री संपली का? नाही संपली.

असे का व्हावे? तुम्ही शेतकरी आहात. हराळीची मुळी जमिनीत ठेवून वरचे गवत कापले, तर रान साफ होते का? पहिल्या पावसाला पुन्हा हिरवेगार. कुत्र्यांचे तसेच आहे. त्यांची मुळी म्हणजे उकिरडा. हॉटेलाचे खरकटे, खाटकाच्या दुकानामागची घाण, कोपऱ्यावरचा कचरा. हे खाणे आहे तोवर कुत्रे येणारच. गल्लीतली कुत्री बाहेरच्या कुत्र्याला आत येऊ देत नाहीत, हे तुम्ही पाहिले असेल. ती मारली की जागा मोकळी होते. मग बाहेरची येतात. मादी दोन महिन्यांत पिल्ले देते. एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. वर्षभरात गल्ली पुन्हा भरते. आणि नव्या कुत्र्यांना लस टोचलेली नसते!

म्हणून दुसरा उपाय निघाला. केंद्र सरकारने 2001 साली त्याचे नियम केले. 2023 साली ते नव्याने केले. उपाय असा. कुत्रे धरायचे. त्यावर शस्त्रक्रिया करायची, म्हणजे त्याला पिल्ले होत नाहीत. पिसाळण्याची लस टोचायची. जखम भरेपर्यंत काही दिवस सांभाळायचे. खूण म्हणून कानाला खाच पाडायची. मग जिथून धरले तिथेच सोडायचे. ते आपली गल्ली राखते, नव्याला येऊ देत नाही. ते स्वतः पिसाळत नाही आणि त्याची वीणही वाढत नाही. आपल्या गड्याने पाहिलेला कापका कान तो हाच. तो कान म्हणजे त्या कुत्र्याचा दाखला समजा.

यात एक अट आहे. दहातल्या सात कुत्र्यांचे तरी असे झाले पाहिजे, आणि तेही लवकर. दहातली दोन केली आणि आठ राहिली, तर खर्च पाण्यात जातो. पुष्कळ शहरांत घोडे इथेच अडते. गाडी एक, डॉक्टर थोडे आणि कचरा तर रोजच रस्त्यावर. मग लोक म्हणतात की नियमच खोटा. आमच्या मते नियम खोटा नाही, काम अर्धे आहे.

हा वाद दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. 11 ऑगस्ट 2025 ला न्यायालय म्हणाले, दिल्लीची व आसपासची सगळी मोकाट कुत्री धरून निवाऱ्यात ठेवा. देशभर गलका झाला. 22 ऑगस्टला हुकूम बदलला. लस व शस्त्रक्रिया करून कुत्री त्याच जागी सोडा, पण पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, असे ठरले. कुत्र्यांना खाऊ घालायचे तर ठरवून दिलेल्या जागीच घाला, असेही सांगितले. पुढे 7 नोव्हेंबर 2025 ला आणखी हुकूम झाला. शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके इथली कुत्री धरली, तर ती परत तिथे सोडायची नाहीत. लेकराबाळांच्या जागा आधी मोकळ्या करा, असा त्याचा अर्थ.

लेकरांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षे झाली. आमच्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. दिवाळीच्या सुटीत तो बापाकडे शहरात गेला. परत आला तेव्हा पोटरीला चिंधी बांधलेली होती. आम्ही ती पाहिली. खेळताना लागले असेल म्हणून विचारले नाही. जखमेवर घरच्यांनी तिखट भरले होते. दोन महिन्यांनी तो पाणी पाहून घाबरू लागला. घोट गिळवेना. आम्हीच त्याला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. तो परत आला नाही. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस वाचत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला त्या दिवशी सांगितले. ती चिंधी अजून डोळ्यांपुढे येते.

तेव्हा हे पाठच करा. कुत्रे चावले, नुसते ओरखडले, तरी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे सुई फुकट मिळते. ती एकदाच नसते. डॉक्टर तारखा लिहून देतील, त्या सगळ्या पाळा. जखम खोल असेल तर जखमेतच द्यायचे वेगळे औषध असते, ते मागून घ्या. कामावर खाडा होतो म्हणून पुढची सुई टाळू नका. वानर किंवा मांजर चावले तरी हेच करा.

कुत्र्यांचे झाले. आता कोणी म्हणेल, वस्तीत वानर शिरले किंवा साप निघाला तर नगरपालिकेलाच बोलवावे काय? नाही. इथे दार वेगळे आहे. कुत्री, मोकाट गुरे हे काम नगरपालिकेचे. वानर, नाग, बिबट्या, मोर हे वन्य प्राणी. 1972 च्या कायद्याने ते वनखात्याकडे आहेत, मग ते रानात असोत की शहरात. मुंबईत महापालिकेला कळवायचे तर 1916 या क्रमांकावर फोन लावतात. वनखात्यासाठी महाराष्ट्रात 1926 हा क्रमांक आहे. दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

लवूळचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल. लवूळ माजलगाव तालुक्यातले, आपल्या शेजारचे. 2021 च्या डिसेंबरात तिथे वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर, माळवदावर नेऊ लागली. पिल्ले वरून पडत, नाहीतर उपाशी मरत. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरे सूड घेत आहेत, अशी बोलवा उठली. अडीचशे कुत्री मेली, असेही छापून आले. एका गावात एवढी कुत्री असतात का, हे कोणी मोजले नाही! शेवटी नागपूरहून वनखात्याचे पथक आले. त्यांनी दोन वानरे धरून नेली आणि प्रकार थांबला. यात सूड किती आणि पिल्लाला जवळ घेण्याची ओढ किती, ते वानरांनाच ठाऊक. पण दगड-काठीने जे झाले नाही, ते काम येणाऱ्या माणसांनी केले.

मुंबईत तर शहराच्या पोटात जंगल आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. 2002 ते 2004 या काळात तिथे माणसांवर फार हल्ले झाले. त्या सुमारास एका ठिकाणचे बिबटे धरून दुसऱ्या रानात सोडण्याची रीत होती. विद्या अत्रेय या बाईंनी जुन्नरकडे याचा अभ्यास केला. धरून दूर सोडलेला बिबट्या गोंधळतो आणि हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात, असे त्यांना दिसले. म्हणजे कुत्रा असो वा बिबट्या, जागा बदलल्याने काम बिघडते. बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुधा कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. म्हणून उद्यानाच्या कडेचा कचरा उचलणे हाही बिबट्याचाच बंदोबस्त ठरतो.

पाळीव जनावराचेही शहरात हाल होतात. त्यासाठी 1960 चा कायदा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आता धड जेवणही होत नाही. मात्र जनावराला ठार मारणे किंवा लुळे करणे हा 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सांभाळणारेही आहेत. मुंबईत परळला 1883 सालचे जनावरांचे मोठे इस्पितळ आहे. जुने लोक त्याला बैलघोडा म्हणतात.

हे सगळे ऐकून आमचा गडी म्हणाला, "ते शहराचं झालं. आमच्या वाडीत कोण धरणार?"

2023 च्या नियमांत ग्रामपंचायतही आली आहे, असे आम्ही सांगितले. ग्रामसेवकाच्या नावाने अर्ज द्या. गल्लीत कुत्री किती, माद्या किती, कानाला खाच असलेली किती, कोणाला कधी चावली, एवढे त्यात लिहा. अर्जाची पोच घ्या.

चार दिवसांनी तो वही घेऊन टपरीवर आला. त्याने सकाळी उठून मोजली होती. सव्वीस कुत्री, त्यांत अकरा माद्या. कान सगळ्यांचे साबूत. अर्जाचा मायना मात्र त्याला येत नव्हता. तो आम्ही सांगितला आणि लिहिला त्यानेच.