वीस अँगस्ट्रॉमची दरी

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यातली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आणि फवाऱ्याचं औषध मारणाऱ्याच्याच नाकातोंडावर येत होतं. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. वापरातल्या औषधांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस होती. ऑर्गनोफॉस्फेट औषधांची ही जात शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर बंद पाडते.

हे विकर आता साध्या लॅपटॉपवर उघडून मोजता येतं. त्याची पहिली रचना १९९१ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या जोएल ससमन, इस्राएल सिलमन आणि सहकाऱ्यांनी मांडली. तीही माणसाच्या नव्हे, विजेचा झटका देणाऱ्या पाकट माशाच्या विकराची.

कायमेराएक्स या सॉफ्टवेअरमध्ये अशा प्रथिनाचा घनता-नकाशा उघडला की आधी जाळीदार ढग दिसतो. खाली आलेखावर एक उभी रेघ असते. ती डावीकडे ओढली की ढग फुगतो, पाण्याचे थेंब आणि निव्वळ गोंगाटही त्यात शिरतो. उजवीकडे नेली की प्रथिनाची साखळी जागोजागी तुटते. आकारमान विचारलं तर सॉफ्टवेअर दशांशासकट आकडा देतं, पण तो आकडा खरं तर त्या रेघेचा असतो. म्हणून जाणकार उलटा हिशेब धरतात: एका डाल्टनला साधारण १.२१ घन अँगस्ट्रॉम, म्हणजे साठ हजार डाल्टनच्या प्रथिनाला सुमारे ७३ हजार. शेजारच्या रेणूंचे ढग छाटायचे आणि आकारमान तेवढं भरेल तिथवर रेघ आणायची.

पट्टीच चुकली तर? स्फटिकाच्या नकाशाला माप स्फटिकाच्या एकक-कोशिकेवरून मिळतं, त्यामुळे तिथे धोका कमी. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नकाशात मात्र एका घनकणाची, व्हॉक्सेलची, लांबी फाइलमध्ये नीट लिहिलेली असावी लागते. खरी १.०६ अँगस्ट्रॉम असताना १ धरली, तर वीसची लांबी १८.९ भरते आणि आकारमान सोळा टक्क्यांनी घटतं. चित्र तसंच देखणं दिसतं, हीच खोड. म्हणून कितीतरी प्रयोगशाळा १२ नॅनोमीटर व्यासाच्या अपोफेरिटिनवर आपलं माप ताडून घेतात. नकाशा बारीक जाळीवर पुन्हा मांडला तर तो गुळगुळीत होतो, इतकंच. नवा अणू त्यातून निघत नाही.

माप जमलं की विकराच्या तोंडापासून आत अंतर टाकायचं. सुमारे वीस अँगस्ट्रॉम खोल, अरुंद दरी लागते. तिच्या तळाजवळ सेरिन २०० हा अमिनो आम्लाचा दुवा. ऑर्गनोफॉस्फेट चिकटतं ते त्यालाच. दवाखान्यात देतात ते प्रॅलिडॉक्सिम, पाम, याच दरीत उतरून तो फॉस्फेट ओढून काढतं. उशीर झाला, जोड पक्की झाली, की तेही काही करू शकत नाही.