फीनिक्स अँड ॲशेस

फीनिक्स अँड ॲशेस ही अमेरिकन लेखिका मर्सिडीज लॅकी यांची इंग्लिश भाषेतील अद्भुतरम्य कादंबरी आहे. ती २००४ साली प्रकाशित झाली. सिंड्रेलाच्या परीकथेचे हे पुनर्कथन पहिल्या महायुद्धाच्या काळातील इंग्लंडमध्ये घडते. लॅकी यांच्या 'एलिमेंटल मास्टर्स' या मालिकेत तिचा समावेश होतो. मालिकेतील बहुतेक कादंबऱ्या एखाद्या परिचित परीकथेवर बेतलेल्या असून प्रत्येकीचे कथानक स्वतंत्रपणे वाचता येते.

मूलतत्त्वांची जादू

मालिकेतील जादू पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार तत्त्वांवर आधारलेली आहे. भारतीय परंपरेतील पंचमहाभूतांपैकी आकाश हे तत्त्व तीत नाही, कारण ही मांडणी प्राचीन ग्रीक विचारातून आलेली आहे. प्रत्येक तत्त्वाशी काही अदृश्य जीव निगडित असतात: पृथ्वीशी नोम, पाण्याशी उंडाइन, वायूशी सिल्फ आणि अग्नीशी सॅलमँडर. ही विभागणी सोळाव्या शतकातील वैद्य व किमयागार पॅरासेल्सस याच्या लेखनातून युरोपीय साहित्यात रूढ झाली. कादंबरीतील जादूगार जन्मतः एका तत्त्वाशी बांधलेला असतो. त्यावर पूर्ण प्रभुत्व मिळवणाऱ्यास 'मास्टर' म्हणतात.

कथानक

एलेनॉर रॉबिन्सन ही वॉरविकशायरमधील ब्रूम या गावातील सुखवस्तू घरातील मुलगी असून ऑक्सफर्डमध्ये शिकण्याची तिची इच्छा असते. तिचे विधुर वडील ॲलिसन या स्त्रीशी दुसरा विवाह करतात आणि पुढे युद्धात मारले जातात. ॲलिसन पृथ्वीतत्त्वाची जादूगार असते. ती एलेनॉरची करंगळी छाटून स्वयंपाकघरातील चुलीपुढच्या फरशीखाली पुरते. या मंत्रबंधनामुळे एलेनॉरला घरापासून दूर जाता येत नाही व ती मोलकरीण बनते. गावातील जाणती स्त्री सारा ही तिची धर्ममाता असते. तिच्या मार्गदर्शनाखाली एलेनॉर आपल्यातील अग्नितत्त्व ओळखते आणि टॅरो पत्त्यांच्या प्रतिमांतून घडणाऱ्या स्वप्नपरीक्षांना सामोरी जाते.

दुसरीकडे जवळच्या जहागिरीचा वारस रेजी फेनिक्स आघाडीवरून घरी परततो. हा वैमानिक वायुतत्त्वाचा मास्टर असतो. विमान पडल्यानंतर तो मातीखाली गाडला गेलेला असतो आणि त्या अवस्थेत पृथ्वीतत्त्वाच्या क्रूर जीवांनी त्याच्यावर हल्ला केलेला असतो. त्या धक्क्यामुळे त्याने जादूकडे पाठ फिरवलेली असते. ॲलिसनला त्याचा विवाह आपल्या मुलीशी लावायचा असतो.

परीकथेशी संबंध

शार्ल पेरोची १६९७ मधील आणि ग्रिम बंधूंची १८१२ मधील कथा या सिंड्रेलाच्या सर्वाधिक परिचित आवृत्त्या आहेत. छळ होत असतानाही नायिका घर का सोडत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळत नाही. कादंबरीत मंत्रबंधन हे त्याचे कारण ठरते. नायिकेचे नाव मुळात राखेवरून पडलेले असल्याने तिला अग्नितत्त्व मिळणे स्वाभाविक ठरते. ज्या चुलीपाशी तिला बांधले जाते, त्याच चुलीतील अग्नी तिच्या मुक्तीचे साधन होतो. शीर्षकातील 'फीनिक्स' राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या पक्ष्याकडे निर्देश करते आणि नायकाच्या आडनावावरही श्लेष साधते.

युद्धाचे चित्रण

मूळ कथेतील राजपुत्राला कशातूनही सावरावे लागत नाही. येथे मात्र तो 'शेल शॉक' या युद्धजन्य मानसिक आघाताने ग्रासलेला आहे. ही संज्ञा चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'द लॅन्सेट'मधील लेखात वापरल्यानंतर वैद्यकीय लेखनात आली. अशा सैनिकांकडे त्या काळी अनेकदा भित्रे म्हणून पाहिले जाई. प्राचीन युरोपीय विचारात वायू आणि पृथ्वी परस्परविरोधी मानले जात. त्यामुळे आकाशात वावरणाऱ्या रेजीचे मातीखाली गाडले जाणे हे त्याच्या आघाताचे रूपक ठरते. त्याला आणि एलेनॉरला बांधून ठेवणारी शक्ती पृथ्वीतत्त्वाचीच आहे. साहजिकच, राजपुत्राने नायिकेची सुटका करण्याऐवजी येथे दोघेही आपापल्या बंधनातून स्वतः बाहेर येतात.